रस्त्यात चेन तुटली तर: जोडण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १५० सीसीची मोटरसायकल, २८,००० किलोमीटर झालेली. चेन किट मूळचंच, ढिली झाली की ताणून घ्यायची एवढीच देखभाल. संध्याकाळी चढावर ओव्हरटेक करताना एक गिअर खाली टाकून पिकअप दिला, 'खट्ट' आवाज आला, इंजिन नुसतं रेस व्हायला लागलं आणि गाडीतला जीवच गेला. चेन पन्नासेक पावलं मागे पडलेली मिळाली, लॉक, म्हणजे तिची दोन टोकं जोडणारी सुटी कडी, मिळालाच नाही. एका भल्या माणसाने बांधायच्या तारेने चेन जोडून दिली, ती शंभर मीटरही टिकली नाही. शेवटी दुसऱ्या मोटरसायकलवाल्याने फुटरेस्टला पाय लावून गाडी ढकलत नेली. आता तीन गोष्टी विचारल्या आहेत: तिथे नेमकं काय करायला हवं होतं, सोबत काय ठेवावं, आणि सापडलेली चेन नवा लॉक टाकून आणखी काही दिवस चालवता येईल का.

मी २२ वर्षं गाड्या उघडतोय, आणि त्याहून जास्त वर्षं त्या रस्त्यात बंद पाडतोय. चेन जोडणं हे पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, पण ते सगळ्यात शेवटी करायचं. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या असतात: चेन का तुटली, आणि तुटताना तिने आणखी काय फोडलं. हे मी नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या काळात माझीच चेन तुटली. लॉक खिशात होता, वीस मिनिटांत जोडली आणि मोठ्या ऐटीत निघालो. दहा-बारा किलोमीटरवर इंजिन जड झालं, किरकिरलं आणि जाम बसलं. तुटलेल्या चेनचा फटका पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राच्या) मागे इंजिनच्या केसिंगला, म्हणजे धातूच्या कवचाला, बसला होता आणि तिथल्या बारीक तड्यातून सगळं ऑइल निघून गेलं होतं. मी जोडलेली चेन मात्र एकदम झकास होती.

आधी गाडी रस्त्याच्या कडेला, जमेल तितकी बाहेर घ्या. इथे एक गंमत आहे, जी फारशी गमतीची नाही. उतारावर गाडी उभी करताना आपण सवयीने गिअरमध्ये टाकतो. चेनच नसेल तर गिअर चाकाला धरून ठेवूच शकत नाही. साइड स्टँडवर लावलेली गाडी हळूच पुढे सरकते, स्टँड मिटतो आणि गाडी आडवी. पुढच्या ब्रेकचं लिव्हर दोरीने किंवा रबराने हँडलला आवळून बांधा, किंवा चाकाखाली दगड लावा, मगच खाली बसा.

चेन समोर पडलेली दिसली तर निदान झालंच. पण 'इंजिन चालू आहे, गिअर पडतोय, गाडी मात्र हलत नाही' याची कारणं अनेक. ताकद इंजिनकडून क्लचमध्ये, तिथून गिअरबॉक्स, पुढचं स्प्रॉकेट, चेन, मागचं स्प्रॉकेट, हबमधले (चाकाच्या मधल्या भागातले) रबर आणि शेवटी चाक अशी जाते. ही वाट कुठे तुटली ते शोधायचं. इंजिन बंद करा, गाडी थोडी मागेपुढे हलवत पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये टाका, क्लच सोडा आणि गाडी ढकला. चाक अडलं, इंजिनचा दाब जाणवला, तर बाहेरचा भाग बहुधा शाबूत आहे. गाडी अलगद पुढे गेली तर खाली बघा. चेन फिरतेय, पुढचं स्प्रॉकेटही फिरतंय, पण त्याच्या मधला शाफ्ट स्थिर आहे? मग स्प्रॉकेटच्या आतले दाते झिजून सपाट झालेत. शाफ्टही फिरतोय? मग दोष क्लचमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या आत. ही तपासणी इंजिन बंद ठेवूनच करायची. चालू इंजिनवर फिरत्या चेनजवळ गेलेली बोटं मी पाहिली आहेत. पूर्ण असलेली नाही, अर्धी राहिलेली.

आता तुमच्या चेनकडे येऊ. पहिलं काम, स्टार्टरला हात लावू नका. तुटलेल्या चेनचा एखादा तुकडा पुढच्या स्प्रॉकेटभोवती गोळा होऊन बसलेला असू शकतो, आणि इंजिन फिरवलं की तो केसिंग फोडतो. मागचं चाक जाम असेल तर जोर न लावता हाताने उलट दिशेला फिरवून बघा. मग पुढच्या स्प्रॉकेटवरचं कव्हर काढा. बहुतेक गाड्यांना त्याचे बोल्ट ८ किंवा १० च्या पान्याचे असतात. इंजिन गरम असतं, सायलेन्सरचा पाइप त्याहून गरम, तेव्हा दहा मिनिटं दम धरा.

कव्हर निघालं की फडक्याने काळा चिखल पुसा आणि मोबाइलच्या उजेडात नीट बघा. शाफ्टभोवतीचं ऑइल सील फाटलंय का, न्यूट्रल स्विचची वायर तुटलीय का, क्लचचा पुश रॉड (क्लच दाबणारी दांडी) त्या बाजूला असेल तर तो वाकलाय का, आणि केसिंगला तडा किंवा ताजा ओरखडा आहे का. तडा केसासारखा असतो, नुसत्या डोळ्यांनी फसायला होतं. जागा कोरडी पुसून कागदाचा तुकडा दाबून धरा. दोन मिनिटांत त्यावर ऑइलचा डाग उमटला तर तिथेच थांबायचं, गाडी टेम्पोत चढवायची. मागच्या बाजूला स्पोक, ब्रेकचा पाइप आणि स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्यावरचा) रबरी पट्टा यांच्यावरही नजर टाका.

हे सगळं ठीक असेल तर चेन हातात घ्या. तुटलेलं टोक बरंच काही सांगतं. लॉक गायब आणि दोन्ही बाजूच्या कड्या शाबूत, तुमच्यासारखं, तर बहुतेक वेळा दोष क्लिपचा, म्हणजे लॉकच्या पिनांवर बसून त्याची पट्टी धरून ठेवणाऱ्या चिमट्याचा. ती उलटी बसली होती, सैल झाली होती किंवा जुनीच वापरली होती. पट्टी मधून चिरली असेल तर चिरलेली कड उजेडात धरा. अर्धी तपकिरी, गंजलेली आणि अर्धी चकचकीत दिसली, तर तडा जुना होता आणि आज फक्त उरलेला भाग सुटला. अशा चेनमध्ये तसाच तडा आणखी कुठेतरी असणार हे धरून चाला. सगळ्या कड्या बोटांनी वाकवून बघा. काही कडक झाल्या असतील, सरळ होत नसतील, तर तिथे पिन आत गंजून धरली गेलीय. आणि रोलर फुटून पडलेले दिसले तर जोडायच्या फंदात पडू नका.

चेन 'ताणली जाते' असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीची नळी थोडीथोडी झिजते. शंभरेक कड्यांची झीज एकत्र झाली की चेन लांब वाटते. लांबलेली चेन दात्याच्या तळाशी न बसता वर चढते, शेवटच्या एकदोन दात्यांवर सगळा भार येतो, ते आकड्यासारखे वाकतात. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बिंदूवर चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दाता उघडा पडला तर तिचं आयुष्य संपलंय, कितीही ताणली तरी.

जोडायची झाली तर माप आधी जुळलं पाहिजे. चेनच्या पट्टीवर ४२८, ५२० असा आकडा कोरलेला असतो. पहिला आकडा इंचाच्या आठव्या भागात दोन पिनांमधलं अंतर सांगतो: ४ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी, ५ म्हणजे १५.८७५ मिमी. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे. १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ४२८ असते, पण अंदाजावर जाऊ नका. ५२० चा लॉक ४२८ मध्ये बसत नाही, हा शोध रात्री रस्त्यावर लावण्यासारखा नाही.

चेनमध्ये एकाआड एक दोन प्रकारच्या कड्या असतात: रोलर असलेली आतली आणि दोन पट्ट्यांची बाहेरची. लॉक म्हणजे सुटी होणारी बाहेरची कडी. त्यामुळे दोन्ही टोकांना आतली कडी असेल तरच लॉक बसतो. बाहेरची कडी तुटली असेल तर सोपं: तिचे अवशेष काढा, तिथे नवा लॉक टाका, लांबी तीच राहते. आतली कडी फुटली तर तिच्यासोबत दोन्ही शेजारच्या बाहेरच्या कड्याही काढाव्या लागतात. एकच लॉक असेल तर चेन दोन कड्यांनी आखूड होते, ४२८ मध्ये २५.४ मिमी. म्हणजे मागचं चाक साधारण त्याच्या निम्मं, १२-१३ मिमी, पुढे घ्यावं लागतं. जुन्या लांबलेल्या चेनवर चाक आधीच मागे गेलेलं असतं, म्हणून ही जागा बहुधा मिळते. नव्या चेनवर मिळेलच असं नाही. म्हणूनच मी दोन लॉक आणि एक आतली कडी जवळ ठेवतो. आतली कडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना लॉक, की मूळ लांबी जशीच्या तशी.

गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, चेन पुढच्या स्प्रॉकेटवरून ओढून घ्या. ॲक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट ढिला करून चाक थोडं पुढे ढकला. आता खरी युक्ती: दोन्ही टोकं हवेत धरून जोडायला गेलात तर तिसरा हात लागतो. ती मागच्या स्प्रॉकेटवर, शेजारशेजारच्या दात्यांवर बसवा. दाते कड्या बरोबर अंतरावर धरून ठेवतात आणि लॉक मागच्या बाजूने अलगद आत जातो. ओ-रिंगची चेन असेल तर लॉकसोबतच्या चारही रिंगा टाकायच्या, दोन आत, दोन बाहेर. तिची बाहेरची पट्टी घट्ट असते, पकडीने दोन्ही पिनांवर आळीपाळीने दाबत न्यायची, पिनांवरची खाच पूर्ण उघडी दिसेपर्यंत.

आणि क्लिप. तिचं बंद, गोल टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला, उघडं टोक मागे. उलटी बसवली तर कशाला घासून, कचरा अडकून ती उघडायला लागते. बसवताना क्लिप पिनांवर ठेवा, पकडीचा एक जबडा क्लिपच्या बंद टोकावर आणि दुसरा उघड्या टोकाकडच्या पिनेवर टेकवून दाबा. 'टिक' असा आवाज येतो. तो आला नाही तर ती बसलेली नाही. पेचकसाने उचकटून बसवलेली क्लिप पसरते, पुन्हा वापरू नये. तारेचं म्हणाल तर त्या भल्या माणसाचा हेतू चांगला होता, पण मऊ तार तो ओढा सोसत नाही, आणि तुटताना पुन्हा तोच फटका केसिंगला देण्याची संधी चेनला मिळते.

चाक सरळ बसलंय का ते स्विंगआर्मवरच्या खुणांवरून बघतात. त्या खुणांवर माझा फार विश्वास नाही. दोरीने स्विंगआर्मच्या पिव्होटपासून (तो ज्या बोल्टवर हलतो तिथून) ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. खालच्या चेनला मध्यावर वरखाली हलवून खेळ बघा. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना तो २० ते ३५ मिमीच्या आसपास लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा बहुधा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. चाक फिरवत चार ठिकाणी बघा आणि सगळ्यात घट्ट जागेवर माप घ्या. शंका आली तर किंचित ढिली ठेवा. शॉकअप दबून पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट आणि ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. तेव्हा खेळ उरला नाही, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग मार खातं. आणखी एक, जे हमखास विसरलं जातं: मागे ड्रम ब्रेक असेल आणि चाक पुढे घेतलं असेल, तर ब्रेक रॉड ढिला पडतो. नट आवळून ब्रेक लागतोय याची खात्री करा, मगच बसा.

निघाल्यावर ३०-४० चा वेग, मागे कुणी नाही, पिकअप हळू. पहिल्या किलोमीटरला थांबून क्लिप बघायची, पुन्हा पाचव्याला.

चेनपेक्षाही जास्त वेळा रस्त्यात दगा देते ती क्लच वायर, म्हणून तिच्याबद्दल सांगतोच. ती बहुधा लिव्हरच्या टोकाला, गोळीपाशी (लिव्हरमध्ये अडकणाऱ्या धातूच्या गोळ्यापाशी) तुटते. आधी इशारा देते: लिव्हर खरखरतं, न्यूट्रल सापडत नाही, खेळ अचानक वाढतो. म्हणजे काही तारा गेल्या, बाकीच्या जाण्याच्या बेतात आहेत. वायर पूर्ण तुटली तरी गाडी घरी नेता येते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा, गाडीवर बसून दोन्ही पायांनी ढकलत चालण्याचा वेग घ्या आणि कमी रेसवर पहिला गिअर टाका. गाडी एक झटका देते, मग चालते. गिअर वाढवताना लिव्हरवर पायाचा हलका दाब आधीच ठेवा आणि थ्रॉटल क्षणभर सोडा, गिअर आपोआप पडतो. कमी करताना थ्रॉटल किंचित देऊन पाय मारायचा. थांबण्याआधी, गाडी चालती असतानाच, दुसऱ्यावरून न्यूट्रल काढायचं. नाहीच निघालं तर किल स्विच. गर्दीत हा प्रकार करू नका, रिकाम्या रस्त्यावर जमतो.

तात्पुरता इलाजही आहे. वायरिंग जोडायचा प्लॅस्टिकचा कनेक्टर असतो, त्याच्या आतली स्क्रूवाली पितळी नळी काढून घ्या. इंजिनकडचा ॲडजस्टर पूर्ण ढिला करा म्हणजे वरती थोडी वायर मिळते. ती नळी वायरवर चढवा, स्क्रू कचकून आवळा, झाली नवी गोळी.

इंजिन रेस होतं पण वेग वाढत नाही, चढावर जास्त, आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच प्लेट घसरताहेत. प्लेट गेल्या असं ठरवण्याआधी लिव्हरचा खेळ बघा. वायर जास्त ताणलेली असेल तर प्लेट पूर्ण मिटतच नाहीत. बऱ्याच गाड्यांना लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी खेळ लागतो. नवी वायर टाकल्यावर 'क्लच घट्ट करून दिलाय' असं कौतुकाने सांगणारे कारागीर असतात, त्यांच्या हातची गाडी हमखास घसरते. अर्धा तास थंड होऊ द्या, खेळ द्या, हलक्या थ्रॉटलवर जा. घसरण ऑइल बदलल्यानंतर सुरू झाली असेल तर डबा बघा. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं ऑइल लागतं. चारचाकीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि क्लच तर घर्षणावरच जगतो.

बाकीचं पटकन. गिअरचा लिव्हर नुसता गोल फिरत असेल तर त्याचा बोल्ट ढिला आहे, १० चा पाना पुरतो. लिव्हरच्या आतले दातेच झिजून सपाट झाले असतील तर पकडीने शाफ्ट फिरवून दुसरा गिअर टाका आणि त्याच एका गिअरवर जा. पुढचं स्प्रॉकेट शाफ्टवर घसरत असेल, स्कूटरचा बेल्ट तुटला असेल किंवा शाफ्ट ड्राइव्हच्या गाडीतून मागे गुरगुर आणि ऑइल येत असेल, तर रस्त्यात करण्यासारखं काही नाही. टेम्पो बोलवा.

पायाने ढकलत नेणं मला मान्य नाही. ढकलणाऱ्याचा एक पाय अडकलेला, हँडल वाकडं, आणि दोघांच्या ब्रेकचा मेळ नाही. अगदीच निरुपाय असेल तर दोरी, पण ती मागच्या गाडीला बांधायची नाही. फुटरेस्टभोवती एक वेढा देऊन टोक बुटाखाली दाबून धरायचं, पाय उचलला की दोरी सुटली पाहिजे.

सोबत काय? तुमच्या मापाचे दोन लॉक, एक आतली कडी, पकड, लहान चेन कटर, ॲक्सलच्या नटाचा पाना, ८-१०-१२ चे पाने, पितळी कनेक्टर, हातमोजे, टॉर्च, दोरी. गाडीसोबत आलेला ॲक्सलचा पाना बहुधा आखूड असतो, नट घरी एकदा खोलून बघा. क्लच वायर नुसती डिकीत ठेवण्यापेक्षा जुन्या वायरीच्या बाजूनेच नेऊन टेपने बांधून ठेवा, तुटली की दोन टोकं बदलायची, टाकी काढायला नको.

तिसरा प्रश्न राहिला. २८,००० किलोमीटर झालेली, नुसती ताणत आणलेली, पन्नास पावलं रस्त्यावर घासत गेलेली चेन पुन्हा घालू नका. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. झिजलेले दाते नवी चेन फार लवकर खातात. चाक निघालंच आहे तर हबमधले रबर हाताने हलवून बघा, स्प्रॉकेट गदागदा हलत असेल तर तेही बदला. पुढच्या कव्हरच्या आत मी वर सांगितलेली तपासणी तुमच्या गाडीची अजून झालेली दिसत नाही, ती कारागिराकडून तुमच्या समोर करून घ्या. आणि नवी चेन लांब असून कापून बसवली, तर कापलेला तुकडा टाकू देऊ नका. त्यातूनच तुमची ती आतली कडी निघेल.